अबंडंटली म्हणजे किती?

मुलुंड पूर्व
मंगळवार, १३ जानेवारी

गंधाली,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहावं यातच अर्धा चहा गार झाला. 'चिरंजीव' वगैरे लिहिलं तर म्हणशील बाबा नाटकं करतोय, नुसतं नाव लिहिलं तर म्हणशील रागावलाय. मी रागावलेलो नाही. मला काही कळत नाहीये, म्हणून लिहितोय. तू फोन उचलत नाहीस, आणि मोबाइलवर अंगठ्याने एवढं सगळं टाइप करायला बसलो तर तोवर तुझं लग्न होऊन जाईल. मानसीचा कांदिवलीचा पत्ता तुझ्या एका जुन्या कुरिअरच्या खोक्यावर मिळाला.

तर तुझा कालचा मेसेज. "बाबा, यू हॅव मेड इट अबंडंटली क्लियर. प्लीज डोन्ट कम टू द वेडिंग." बस, एवढाच. आदल्या संध्याकाळी बॅग भरून निघालीस तेव्हा म्हणालीस, "मी मानसीकडे जाते." मी म्हटलं, "बरं." मला वाटलं मैत्रिणी मिळून लग्नाची काही खरेदी असेल.

आपण घरात कधी इंग्रजी बोलत नाही. तू इंग्रजीत कधी शिरतेस ते मला चांगलं ठाऊक आहे. राग मराठीत मावेनासा झाला की. त्यामुळे राग आलाय एवढं कळलं. 'क्लियर' कळलं. 'अबंडंटली'सुद्धा माझ्या ओळखीचा शब्द आहे, सगळी नोकरी मी सरकारी टिपण्या लिहिण्यात घालवली आहे. 'अबंडंट कॉशन' म्हणून आम्ही किती कागद अडकवून ठेवले असतील त्याची गणतीच नाही. भरपूर, विपुल, गरजेपेक्षा जास्त. पण गरजेपेक्षा जास्त स्पष्ट असं मी केलं तरी काय?

रविवारचं जेवण मी पुन्हा पुन्हा आठवून बघतोय. प्रितम आणि त्याचे आईवडील पहिल्यांदा आपल्याकडे जेवायला आले. अळूची भाजी मी स्वतः केली, तुझ्या आईसारखी, आंबट चुका घालून. मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड हे सगळं कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून मागवलं आणि चांगलं सढळ हाताने मागवलं. तू वाढायला उठत होतीस तर मीच म्हटलं, तू बस त्यांच्याबरोबर, आज मी वाढतो. जन्मात पहिल्यांदा पंगतीत वाढलं गं मी. प्रत्येकाला विचारलं. दशरथरावांना विचारलं, भात वाढू? नको म्हणाले. जानकीबाईंना विचारलं, पुरी? नको म्हणाल्या. श्रीखंडाचंही तेच. मग मी पातेली आत नेऊन ठेवली. दशरथरावांनी त्यांच्या गिरणीतल्या गमती सांगितल्या, मी मनापासून हसलो. जाताना ते दोघं माझ्या पाया पडायला वाकले, मी पडू दिलं नाही. माणसं मला आवडली.

यात काय अबंडंटली क्लियर झालं, तेवढं कळव. लग्न बावीस फेब्रुवारीला आहे. म्हणजे अजून वेळ आहे.

बाबा

शनिवार, १७ जानेवारी

गंधाली,

पत्र मिळालं का? टपालखात्यावर माझा विश्वास आहे, पण मानसीच्या बिल्डिंगच्या वॉचमनवर नाही.

संक्रांत आली आणि गेली, गोड बोलायचं राहूनच गेलं. वरच्या मजल्यावरच्या मृणालिनीबाई तिळगूळ घेऊन आल्या होत्या. त्यांनी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून मी तुझं नाव न घेता विचारलं, हा 'अबंडंटली' कुठे वापरतात? बाईंना कोणी असं काही विचारलं की निवृत्ती रद्द झाल्यासारखं होतं. खुर्चीत नीट टेकून बसल्या. म्हणाल्या, "फुलं अबंडंटली फुलतात. पाऊस अबंडंटली पडतो. तिथे तो शब्द शोभतो. पण 'आय एट अबंडंटली' असं कोणी म्हणत नाही, ते कानाला खटकतं. आणि माणूस माणसाला 'अबंडंटली क्लियर' म्हणाला ना, की समजायचं तो वैतागलाय. प्रेमाने कोणी तसं म्हणत नाही." मग मी विचारलं, आणि 'ॲम्पली'? तर म्हणाल्या, ते जरा हिशेबी. पुरून थोडं उरलं की ॲम्पली. उतू गेलं की अबंडंटली.

हे मला पटलं. मी म्हटलं, बघा, रविवारी आमच्याकडे व्याही जेवायला होते, मी ॲम्पली केलं होतं, उलट अबंडंटलीच म्हणा, कारण अजून श्रीखंड संपलेलं नाही. बाई म्हणाल्या, "मग जेवले ना पोटभर?" मी म्हटलं, नको म्हणाले. बाईंनी विचारलं, "किती वेळा?"

किती वेळा म्हणजे काय? नको म्हणजे नको. एकदा म्हटलं की संपलं. त्यावर बाई आणखी एक तिळगूळ माझ्या हातावर ठेवून निघून गेल्या. या शिक्षक लोकांची ही फार वाईट सवय असते.

तुला माहीतच आहे, आग्रह या प्रकाराची मला चीड आहे. तुझ्या आईशी माझी त्यावरून कायम जुंपायची. ती पाहुण्याच्या ताटावर हात आडवा असला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची. मी म्हणायचो, क्षमा, त्यांनी नको म्हटलंय ना? ती म्हणायची, तुम्ही गप्प बसा हो, तुम्हाला काय कळतं. ती गेल्यापासून या तीन वर्षांत आपल्याकडे पंगत अशी बसलीच नव्हती. रविवारी मला वाटलं, आता आपल्या पद्धतीने वाढू. समोरच्याचा शब्द खरा मानायचा, यापेक्षा मोठा मान कुठला?

तू जेवताना मला डोळ्यांनी काहीतरी खुणावत होतीस. मला वाटलं अळूत मीठ कमी पडलंय. म्हणून मी मीठ आणून ठेवलं.

बाबा

बुधवार, २१ जानेवारी

गंधाली,

काल संध्याकाळी प्रितम आला होता. तुझी कपड्यांची सुटकेस आणि पाय दुखणाऱ्या पेशंटसाठी लागतात ते तुझे रबरी पट्टे न्यायला. स्वतः आली नाहीस, त्याला पाठवलंस. ठीक आहे.

मुलगा चांगला आहे. चपला बाहेर काढून, हात धुऊन आत आला. दिवसभर डायलिसिसच्या मशिनांजवळ उभं राहून आला होता, चेहरा उतरलेला दिसत होता. मी विचारलं, चहा घेणार? तो म्हणाला, "नको काका." मी म्हटलं, बरं. मग आम्ही दोघं तुझ्या सुटकेसकडे बघत बसलो.

निघताना दारात थांबला. म्हणाला, "काका, एक विचारू? आई रोज विचारते, तुझे सासरे रागावले का आपल्यावर?" मी चाट पडलो. म्हटलं, मी कशाला रागावू? तो म्हणाला, "नाही, म्हणजे ते तुम्ही बोललात ना. आमच्याकडे म्हणून." एवढं बोलून त्याने सुटकेस उचलली आणि लिफ्टची वाटही न बघता जिना उतरून गेला.

आता हे तुला लिहायलाच हवं, नाहीतर आपलीच आपल्याशी लपवाछपवी. पहिल्या पत्रात मी ते गाळलं. मुद्दाम गाळलं असं नाही, मला ते सांगण्यासारखं वाटलं नाही, म्हणजे निदान तेव्हा तरी तसं वाटलं असं आता म्हणतोय. त्या रविवारी जेवताना तू एकदा म्हणाली होतीस, "बाबा, परत विचार ना त्यांना." आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "त्यांनी नको म्हटलंय. आमच्याकडे ताटात टाकायची पद्धत नाही."

हे वाक्य माझ्या वडिलांचं. लहानपणापासून मी ते ऐकत आलो, म्हणजे ते आमच्या घराच्या भिंतीतच आहे म्हण. माझ्या मनात त्याचा अर्थ एवढाच की अन्न वाया घालवू नये. पण तेच वाक्य भांडुपहून चांगले कपडे घालून आलेल्या माणसाच्या कानाला कसं लागत असेल, हे मी काल पहिल्यांदा मोठ्याने म्हणून बघितलं. आमच्याकडे. म्हणजे तुमच्याकडे टाकतात. म्हणजे तुम्ही टाकाल.

मला तसं म्हणायचं नव्हतं, गंधाली. अजिबात नव्हतं. पण तू एवढी वर्षं माझ्याबरोबर राहिलीस, मला काय म्हणायचं असतं ते तुला तरी कळायला नको? की तुलाही वाटलं, हा मनातून असाच आहे? याचं उत्तर दे. बाकी कशाचं नाही दिलंस तरी चालेल.

बाबा

मंगळवार, २७ जानेवारी

गंधाली,

काल सुट्टी होती, मी भांडुपला जाऊन आलो. तुला एव्हाना कळलं असेलच. जानकीबाई काय पोटात ठेवणाऱ्या नाहीत.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, असं ठरवूनच गेलो होतो. दारात उभा राहिल्या राहिल्या सांगायचं, की मी रागावलेलो नाही, ते वाक्य चुकीचं पडलं, माफ करा. फक्त एवढं बोलून परत यायचं. म्हणून घरून जेवून निघालो. टेंभीपाड्याच्या चढावर शेअर रिक्षाने सोडलं, तिथून पुढे विचारत विचारत गेलो. दशरथराव कुठे राहतात, म्हटलं की गल्लीतला जो तो आपलं काम टाकून पुढे चालायला लागायचा.

माझं वाक्य मी दारात म्हटलंच नाही. जानकीबाईंनी मला बघितलं आणि "अगोबाई" म्हणून ज्या आत गेल्या, त्या ताट घेऊनच बाहेर आल्या. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. मासे मी खात नाही हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मी म्हटलं, मी जेवून आलोय. त्या म्हणाल्या, "ता मुलुंडात जेवलात. हय खय जेवलात?" मी एक आंबोळी खाल्ली. त्यांनी दुसरी वाढली. मी नको म्हटलं, तिसरी वाढली. मी ताटावर हात आडवा धरला, तर सांबारं माझ्या करंगळीवरून ताटात गेलं. "मोप आसा घरात, घेवा तुम्ही." मी प्रत्येक वेळी खरंखुरं नको म्हणत होतो. एकदाही त्यांनी ते ऐकलं नाही. मला राग यायला हवा होता, तुझ्या आईवर यायचा तसा. आला नाही. का आला नाही, ते मी काल परत येताना रिक्षात सारखा शोधत होतो.

मग जरा थांबल्या आणि हळूच विचारलं, "आमी नको म्हटला म्हणान तुमका राग इलो काय?"

मी गोंधळलो. त्यांना वाटत होतं की मी रागावलो, कारण त्यांनी नको म्हटलं. मला वाटत होतं की त्या रागावल्या, कारण मी ते वाक्य बोललो. आणि मधल्या मध्ये तू कांदिवलीला. मी म्हटलं, अहो, तुम्ही नको म्हणालात, तर मला वाटलं पोट भरलं. दशरथराव हसायला लागले. चेष्टेने नाही, अगदी सरळ. म्हणाले, "पोट कुठलं भरतंय? सकाळपासून चहावर होतो आम्ही. व्याह्यांकडे पहिलं जेवायला जायचं तर घरून खाऊन जायचं नसतं. म्हटलं, मुलीचा बाप हौसेने करेल, तर पोटात जागा पाहिजे. पहिल्यांदा कोणी हो म्हणतं का? हावरट दिसतं ते."

आणि मग सहज, गिरणीतली गंमत सांगावी तसं सांगितलं, की निघाल्यावर चक्कर यायला लागली म्हणून मुलुंड स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला. "गंधालीने आणून दिला. रडत होती पोर. आम्ही म्हटलं, अगं वेडे, वडापाव काय वाईट असतो?"

मला हे माहीत नव्हतं गं. तू त्यांना सोडायला स्टेशनवर गेलीस आणि खूप उशिरा आलीस एवढंच मला माहीत. आल्यावर तू तडक बॅग भरायला घेतलीस. त्या वेळी मी स्वयंपाकघरात उरलेला मसालेभात डब्यात भरत होतो आणि तुला म्हणालो होतो, "बघ, किती उरलं."

मी त्यांना तेच सांगितलं. म्हटलं, अहो, होतं हो. आत पातेली भरलेली होती. भात होता, श्रीखंड तर आठवडाभर मी एकटा खात होतो. भरपूर होतं. अगदी शपथेवर सांगितल्यासारखं सांगत होतो. जानकीबाई ताट उचलता उचलता म्हणाल्या, "मगे ता भायर इलाच नाय." आणि मोरीकडे गेल्या. त्यांना काही सुनवायचं नव्हतं, जे झालं ते त्या म्हणाल्या.

दशरथराव मला रिक्षापर्यंत सोडायला आले. मी माफी मागितली. ते म्हणाले, "कशाची? वडापावची?" लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, गंधालीने येऊ नकोस म्हणून सांगितलंय. त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, सांभाळून ने, व्याही आहेत आमचे.

बाबा

गुरुवार, ५ फेब्रुवारी

गंधाली,

तुझा मेसेज आला. "पत्रं मिळतात. लग्नाला येऊ नकोस." या वेळी मराठीत आहे. 'अबंडंटली' नाही.

मी परवा तुला भेटायला निघालो होतो. मुलुंडहून गोरेगावची बस पकडली, तिथून कांदिवलीला यायचं ठरवलं होतं. बस आरेत शिरली, झाडं लागली, आणि मला वाटलं, तिने नको म्हटलंय आणि मी दारात जाऊन उभा राहणार, हे काय बरोबर? उतरलो. आरेच्या दुधाच्या स्टॉलवर मसाला दूध घेतलं, रस्त्यापलीकडच्या म्हशी बघितल्या आणि उलट दिशेची बस धरून घरी आलो. मृणालिनीबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला.

पण माझं डोकं खरंच चालत नाहीये. तूच विचार करून बघ. तुला लहानपणापासून मीच शिकवलं की नको म्हणजे नको. रिक्षावाला असो, कॉलेजातला मुलगा असो, नातेवाईक असो, तू नाही म्हटलंस की त्याने तिथेच थांबलं पाहिजे, आणि जो थांबत नाही त्याच्यापासून लांब राहायचं. ते मी चूक शिकवलं का? नाही. आजही तेच शिकवेन. मग तोच नियम मी स्वतः पाळला, तर लोक उपाशी गेले.

आणि फक्त लोकच नाही. आई गेली तेव्हा तू म्हणालीस, मला एकटीला राहू दे. मी राहू दिलं. तू तुझ्या खोलीत, मी हॉलमध्ये. दाराखालून तुझ्या खोलीतला उजेड दिसायचा. मी कितीतरी वेळा दारापर्यंत आलो आणि म्हटलं, तिने सांगितलंय ना. तू अकरावीला सायन्स नको म्हणालीस, मी बरं म्हटलं. नंतर फिजिओथेरपीसाठी तेच सायन्स तुला पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं, तेव्हा तू एकदा म्हणाली होतीस, "बाबा, तू तेव्हा एकदा तरी भांडायचंस." मला ती चेष्टा वाटली. मी सगळ्यांना अभिमानाने सांगायचो की मी माझ्या मुलीवर कधी कसली जबरदस्ती केली नाही. तू बाजूला उभी असायचीस. तुझा चेहरा तेव्हा कसा असायचा, हे मला आठवत नाही.

म्हणजे मी हात आखडता घेत होतो का? माझ्या आत तर कायम भरपूरच होतं, गंधाली. अगदी उतू जाईल इतकं. मला वाटायचं ते तुला दिसतंय.

कुठलं नको खरं धरायचं आणि कुठलं नाही, हे लोकांना कुठून कळतं? जानकीबाईंना कळतं, तुझ्या आईला कळायचं. माझ्या कानाला सगळी नको सारखीच ऐकू येतात. याच्यावर कुठलं परिपत्रक निघालेलं नाही, नाहीतर मी ते पाठ केलं असतं.

बाबा

मंगळवार, १७ फेब्रुवारी

गंधाली,

हे पत्र स्पीड पोस्टने पाठवतोय, म्हणजे रविवारच्या आत मिळेल.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती, ती आता सुचली. आमच्या हपिसात 'अबंडंटली क्लियर' हा शब्द आम्ही कधी वापरायचो माहीत आहे? "उपलब्ध कागदपत्रांवरून हे अबंडंटली क्लियर आहे की" असं लिहायचं, जेव्हा कागदपत्रांवरून काहीही क्लियर नसायचं. ज्या फाइलीत सगळं खरंच स्पष्ट असायचं तिथे नुसतं क्लियर लिहून काम भागायचं. जिथे आपल्यालाच खात्री नसायची, तिथे ती भरताड लागायची. साहेबही तो शब्द दिसला की पेन खाली ठेवून विचारायचे, नंदकुमार, काय गोची आहे?

हे मी तुझ्या पहिल्या मेसेजला लावून बघितलं. तुला जर खरंच पूर्ण कळलं असतं की तुझा बाप असाच आहे, तर तू नुसतं क्लियर म्हणाली असतीस. किंवा काहीच म्हणाली नसतीस. मी हे माझ्या सोयीने लावतोय, कबूल. मृणालिनीबाई म्हणाल्या, व्याकरणात असं काही नाही. पण हसल्या.

रविवारी सगळ्यांना टेबलांवर बसवून वाढणार आहेत, बुफे नाही, असं दशरथराव फोनवर म्हणाले. हो, ते फोन करतात. मी त्यांना विचारलं, मी वाढायला उभा राहिलो तर चालेल का. ते म्हणाले, मुलीला विचारा. म्हणून विचारतोय. मी सराव केलाय. मृणालिनीबाईंना जेवायला बोलावलं आणि त्या नको म्हणत असताना पोळी वाढली. त्या परत नको म्हणाल्या, मी भात वाढला. तिसऱ्यांदा त्यांनी ताटावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाल्या, "आता खरंच नको, नंदकुमार." तेव्हा मी थांबलो. ते ऐकू आलं मला. आवाज वेगळा असतो गं. इतकी वर्षं पहिल्या नकोलाच मी पातेलं उचलून आत जायचो, तर तिसरं कानावर पडणार कुठून?

तर तू पहिल्यांदा इंग्रजीत नको म्हणालीस. मी त्या शब्दाचा अर्थ लावत बसलो. दुसऱ्यांदा मराठीत नको म्हणालीस. मी आरेतून परत फिरलो. आता मी तिसऱ्यांदा विचारतोय. गंधाली, लग्नाला येऊ का? बाप म्हणून नको असेन तर वाढपी म्हणून येतो. श्रीखंडाचं पातेलं मी घेऊन फिरेन, तुझ्या सासूच्या ताटात तिच्या बोटांवरून वाढेन, आणि आमच्याकडे काय पद्धत आहे ते कोणाला सांगणार नाही.

उत्तर पत्राने देऊ नकोस, पोचणार नाही. फोनही करू नकोस, मी उचलणार नाही. मी रविवारी सकाळी भांडुपला हॉलच्या दारात येऊन उभा राहीन, तिथे येऊन माझ्या तोंडावर सांग. तेव्हा नको म्हणालीस तर ते मी खरं धरीन, एक शब्द न बोलता वळेन, स्टेशनबाहेर वडापाव खाईन आणि घरी येईन. वडापाव काय वाईट असतो?

फक्त एवढं लक्षात ठेव. मी सकाळी नुसता चहा घेऊन निघणार आहे. मुलीच्या लग्नाला खाऊन जायचं नसतं.

बाबा